छर्‍याचा वेग

आण्णा, गेल्या महिन्यात मी सांगलीतल्या एका दुकानातून क्रोनोग्राफ विकत घेतला. एअर रायफलमधून सुटलेल्या छर्‍याचा वेग मोजायचं यंत्र. वडूजला शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही आम्हाला नेमबाजी शिकवत होता, तेव्हा असलं काही नव्हतं. तुमचा शब्द होता. फौजेत सगळी नोकरी हत्यारं दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसानं बंदूक ठीक आहे म्हटलं की विषय संपायचा.

यंत्र घ्यायला लागलं ते तुमच्या नातीमुळं. तुम्ही तिला पाहिलं नाही. चौदा वर्षांची आहे, सांगलीच्या एका क्लबात रायफल चालवते. मी तिला शिकवत नाही, नुसती मिरजेहून सोडायला-आणायला जाते. एके दिवशी ती म्हणाली, "आई, माझे छर्रे खाली जायला लागलेत. रायफलमध्येच काहीतरी झालंय." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी स्वतःचा हात बघ." ती गाडीत मागं बसली आणि घर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिचा तो चेहरा मी आरशात पाहिला आणि मला तुमचा-माझा तो दिवस आठवला.

मी सतरा वर्षांची होते. निवड चाचणी होती, तुम्ही माझ्या पाठीमागं खुर्चीवर बसला होता. पहिले दहा छर्रे चांगले गेले, मग एकेक खाली उतरायला लागला. श्वास तोच, खांदा तोच. मी वळून म्हटलं, "आण्णा, बंदूक दम सोडतीय." तुम्ही उठलात आणि सगळ्या पोरींसमोर, त्यांच्या आईबापांसमोर म्हणालात, "हात कापतोय तुझा. माझ्या बंदुकीवर ढकलू नगंस. मी स्वतः साफ केल्याली हाय ती." मी उरलेले छर्रे मारले, बंदूक टेबलावर ठेवली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं हातात धरली नाही. जून उजाडल्यावर नर्सिंगला मिरजेला गेले. घरी आले तरी तुमच्याशी कामापुरतं बोलायची.

तर, हवा गळली की छर्‍याचा वेग पडतो आणि तो खाली लागतो, हे मोजायलाच मी दुकानात गेले आणि दुकानदारानं तीन यंत्रं काढली. पहिलं डबीसारखं, वर दोन कमानी, त्यांच्याखालून छर्रा गेला की सावली पकडून वेग सांगणारं. ते सगळ्यात साधं. पण दुकानदार भला माणूस निघाला. म्हणाला, "ताई, तुमच्या क्लबात ट्यूबलाइट आहेत ना? मग हे घेऊ नका. ट्यूबचा उजेड लुकलुकतो, ह्याला कळत नाही. भलतेच आकडे दाखवतंय." दुसरं रडारवर चालणारं होतं, ते माझ्या आवाक्याबाहेरचं. तिसरं नळीच्या तोंडाला बसवायचं, स्वतःचा उजेड स्वतःजवळ असणारं. मी विचारलं, "ह्याच्या वजनानं नेम हलेल की." तो म्हणाला, "नेम हलंलच. पण तुम्हाला वेग बघायचाय न्हवं? मोजताना लावा, खेळताना काढा." मी तेच घेतलं.

क्लबात पोरीच्या रायफलला ते लावलं. तिनं दहा छर्रे मारले. आकड्यांत सेकंदाला चार-पाच फुटांपलीकडं फरक नव्हता. रायफल चोख होती. तिनं यंत्राच्या पडद्याकडं पाहिलं, नाक खाजवलं आणि म्हणाली, "म्हणजे माझंच चुकतंय. गाल दस्त्याला नीट टेकत नसेल." आणि पुन्हा उभी राहिली. एवढंच. कुणी कुणावर ढकललं नाही. मी बाकावर बसून रडले, आणि तिला वाटलं, मी तिच्यासाठी रडतेय.

रविवारी यंत्र घेऊन मी वडूजला गेले. खरं सांगायचं तर तुम्हाला खोटं पाडायला गेले होते. ट्रंकेतून तुमची तीच बंदूक काढली. आई दर खंडेनवमीला तिची पूजा करते, तेलाचे दोन थेंब सोडते. परसात पोतं भरून माती ठेवली आणि मारायला लागले. पाचशे दहा. पाचशे बारा. पाचशे नऊ. पंधरा छर्रे झाले तरी आकडा हलेना. म्हणजे एवढी वर्षं मी तुमच्यावर धरलेला राग फुकटचा, आणि हात खरंच माझाच कापत होता.

आई दारात भाजी निवडत होती. मी म्हटलं, "आई, आण्णांचंच बरोबर होतं. बंदुकीत काही दोष नाही."

"आता कुठला आसंल?" ती म्हणाली. "तू मिरजंला गेलीस, तवा त्यांनी ती उघडली की. आतला चामड्याचा वायसर एका बाजूनं फाटल्याला. सगळी हवा तिथनं जायाची. दीसभर त्यो हातात धरून बसलं, जेवलं न्हाईत. मग नवा कापून घातला. मला म्हणालं, पोरीचं खरं हुतं. म्या म्हटलं, आवं मला काय सांगताय, तिला सांगा जावा. त्यो फाटका वायसर कागदात गुंडाळून मिरजंला आलं की तुज्याकडं." मग तिनं मान वर करून पाहिलं. "सांगितलं न्हवं तुला?"

तुम्ही आला होतात, आण्णा. होस्टेलच्या व्हरांड्यात बाकाच्या कडेला बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. सारखा वरच्या खिशाकडं हात जायचा आणि परत यायचा. मला वाटलं, पैसे देताय. मी म्हटलं, "मला काही नको." तुम्ही म्हणालात, "पैसं न्हाईत गं, जरा..." आणि थांबलात. मी म्हटलं, माझी ड्यूटी आहे. तुम्ही लगेच उठून उभे राहिलात. "जा, जा. पेशंट खोळंबायला नगंत." पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात. मला तुमचा हात धरता आला तोवर तो थंड झाला होता.

तुम्ही होस्टेलवर आलात त्या दिवशी मला ड्यूटी नव्हती. मी जिन्यात उभी राहून, तुम्ही फाटकातून बाहेर पडायची वाट बघत होते. तुम्हाला वेळ लागला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला लिहिलेले हे कागदही आता कुणाला द्यायचे नाहीत.

आई अजून माझ्याकडं बघत होती. मी यंत्र काढून पेटीत ठेवलं आणि म्हटलं, "हो, सांगितलं होतं त्यांनी." ती म्हणाली, "बरं झालं," आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.