शिंगांवरचे सहा व्होल्ट

२ सप्टें. ९४, शुक्र.
धुळ्याहून दुपारच्या एस.टी.ने घरी. पाणीसुद्धा प्यायले नव्हते, नाना सुरू: दुसऱ्या वर्षाला परत जायचं की नाही, पोळा झाल्यावर बघू. उन्हाळ्यात विहिरीवरच्या ओल्या वायरीने नानांना आणि मोऱ्याला झटका दिला, तेव्हापासून वायर दिसली की बैलही बिचकतो आणि बापही. आणि मुलगी आयटीआयला शिकते काय, तर इलेक्ट्रिशियनचं!
पिशवीत बारा लाल एलईडी आहेत. पोळ्याला मोऱ्याच्या शिंगांवर लावणार. हट्टी आहेच मी, नानांचीच मुलगी.

३, शनि.
टॉर्चचे चार सेल, सहा व्होल्ट. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टन्स, २२० ओहम. एकाला घाईत लावायचा राहिला. क्षणभर झगमगला आणि गेला. उरले अकरा. आई म्हणे, "अकरा शुभ शे." सुटले!
नाना लांबूनच: "आधी मनी जिभले लाव, मंग बैलना शिंगले." लावल्या त्यांच्या जिभेला दोन्ही वायरी. डोळे मिटले, तोंड वाकडं. "खारट लागस." एवढंच. हसू आवरेना.

५, सोम. पोळा
सकाळी रडकुंडीला आले. शिंगांवर एकही दिवा पेटेना, सेलचा डबा गरम. मोऱ्याने मान झटकली. नाना ओरडले, "सोड ते!" सेल काढून बघते तर आईने हौसेने शिंगांना चंदेरी बेगड चिकटवलेली. बेगड म्हणजे पत्राच, आणि माझे उघडे सांधे तिच्यावर टेकलेले. सगळं शॉर्ट. आईची काय चूक? सांधे उघडे मीच ठेवले. लाज वाटली.
बेगड काढू म्हटलं तर नाना, "ऱ्हाऊ दे, तिनी हौस शे." मग सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब कापून एकेका सांध्यावर चढवली, वर टेप. नाना शेजारी बसून तुकडे देत होते. शेवटी स्वतःचा हात शिंगावर ठेवला. "लाव आते."
अकराच्या अकरा! मोऱ्या खुशाल रवंथ करत होता.
संध्याकाळी मारुतीपुढे सगळं गाव आमच्या बैलाकडे बघतंय आणि नाना ज्याला त्याला, "मनी पोरनी कयं!" केलं कुणी, तर पोरीने! इतका आनंद मला पास झाले तेव्हाही नव्हता झाला. परत जाण्याचं मात्र...

६, मंगळ.
चहा पिता पिता नाना: "विहिरवरली वायर भी देखी ले."
म्हटलं, नाना, हे सहा व्होल्ट, ते चारशे चाळीस. अजून नीट शिकले नाही. हात लावणार नाही.
वाटलं, संपलं सगळं.
"कधी शिकाडतस ते?"
"याच वर्षी. गेले तर."
नाना कप ठेवून उठले.
आत्ता गाडी जुंपतायत. शिंगांवरचे दिवे अजून तसेच. शेताकडे की सोनगीरच्या एस.टी. स्टँडकडे, बोलत नाहीत. धुळ्याहून आणलेली माझी पिशवी ओट्यावर होती, ती दिसत नाहीये.