मिठीत न सापडणारं रिव्हॉल्व्हर

पाइन होलो, आर्कान्सा
रविवार, दुपारची झोप टाळून

तीर्थस्वरूप मॉडीनताईस,

धाकट्या ऑरव्हलचा वाकून नमस्कार (वाकणं आता कागदावरच जमतं, ते गोड मानून घे). तुझा गुडघा, तुझं मांजर आणि वरच्या मजल्यावरची ती भांडखोर शेजारीण, तिघंही आपापल्या जागी शांत असतील अशी आशा करतो. इकडे मी ठीक आहे. माझी बायको नेओमी गेल्यापासून तिची गुलाबाची झाडं माझ्या हवाली आहेत, आणि यंदाही ती मेली नाहीत. मी जेवतो. (अंडी आणि टोस्ट हे जेवणच आहे, फोनवर पुन्हा वाद घालू नकोस.)

इनेझ हॉबगुडने तुला कळवलंच आहे म्हणे, की ऑरव्हल या वयात कपड्यांखाली रिव्हॉल्व्हर लपवून चर्चला येतो. बातमी अर्धी खरी आहे. तुझा जीव खालीवर होण्याआधी सगळं सविस्तर लिहितो.

आपल्या चर्चमध्ये आता सुरक्षा समिती झाली आहे. तिचा प्रमुख ड्वाइट केगल, म्हणजे तुझ्या वर्गातल्या व्हेल्माचा मुलगा, शेरीफच्या हाताखाली नोकरी करून निवृत्त झालेला. माणूस चांगला आहे. बातम्या बघून त्याला झोप लागत नाही, आणि दिवस असे आहेत की त्याला हसायची माझी छाती होत नाही. त्याने नियम केला की रविवारी दारात उभं राहून लोकांचं स्वागत करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर शस्त्र हवं, आणि ते दिसता कामा नये. ज्याला जमत नसेल त्याने खुशाल बाकावर बसावं, त्यात काही कमीपणा नाही, असंही तो म्हणाला. म्हणताना तो माझ्याकडे अजिबात बघत नव्हता, त्यावरून कोणाबद्दल बोलतोय ते सगळ्यांना कळलं.

ताई, ते दार माझं आहे. नेओमी असल्यापासून मी तिथे उभा राहतो. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या, ओठावर शाळेत मिस प्रुइटनी पाठ करून घेतलेली कवितेची एखादी ओळ, आणि येणारा प्रत्येक जण मिठी मारूनच आत जातो. तुला ठाऊक आहे आपल्याकडची रीत. हस्तांदोलन फक्त विमा विकणाऱ्यांशी. बाकी सोमवार ते शनिवार मला हात लावतो तो एकटा न्हावी, आणि तोही महिन्यातून एकदाच, कारण कापण्याजोगं फार उरलेलं नाही. तेव्हा मी ड्वाइटला म्हणालो, बाबा रे, घेतो रिव्हॉल्व्हर.

रॉनीच्या बंदुकांच्या दुकानात तो स्वतः मला घेऊन गेला. आधी त्यांनी हातात पिस्तूल दिलं. त्याचा वरचा भाग मागे ओढावा लागतो. मी ओढला, रॉनीने धीर दिला, मी पुन्हा ओढला, आणि पिस्तुलाऐवजी माझ्या खांद्यातून आवाज आला. संधिवाताच्या बोटांना रिव्हॉल्व्हरच बरं, असं ठरलं. मग रॉनीने मखमलीवर तीन रिव्हॉल्व्हर मांडली. पहिलं चष्म्याच्या डबीएवढं आणि तितकंच हलकं. मी म्हणालो, हेच. रॉनी म्हणाला, "काका, आधी झाडून तर बघा. हलकं असतं ना, तेच जास्त लाथ मारतं." दुकानामागच्या मैदानात मी ते झाडलं, आणि बाबांच्या खेचराची इतक्या वर्षांनी आठवण झाली. शिवाय त्याचा चाप असा कडक, की मला दोन्ही हातांची बोटं लावावी लागली. ड्वाइट मागून म्हणाला, "ऑरव्हलकाका, तोवर हल्ला करणारा जेवून परत येईल." दुसरं सहा गोळ्यांचं, लांब नळीचं, चाप लोण्यासारखा, झटका नावाला, पण आकार भाजलेल्या टर्कीच्या तंगडीएवढा. ते लपवायचं तर मला आधी ओव्हरकोट घ्यावा लागला असता आणि नंतर हिवाळा. तिसरं मधलं, पोलादी, पाच गोळ्यांचं, मागचा घोडा आत झाकलेला, म्हणजे खिशात अडकत नाही. त्याची चक्री मी हळूच फिरवली. टिक, टिक, टिक, अगदी वृत्तात. मला मिस प्रुइटचा वर्ग आठवला, खडूची धूळ, खिडकीतलं ऊन, आणि मी डोळे मिटून दोन कडवी म्हणून टाकली. डोळे उघडले तर रॉनी ड्वाइटला हळूच विचारत होता, "यांना घरी कोणी बघायला आहे ना?" तेच घेतलं.

खरा प्रश्न पुढेच होता. कुठे ठेवायचं? ड्वाइटचं शिक्षण शेरीफच्या कचेरीत झालेलं, तिथे कोणी कोणाला मिठी मारत नसावं. मी आधी उजव्या कमरेला लावलं. वजनाने पॅन्ट अशी खाली येऊ लागली की दानाची थाळी फिरवताना मला एक हात देवाला आणि एक हात पट्ट्याला द्यावा लागला. शिवाय इनेझने मिठी मारली आणि दचकून मागे सरकली. (तिच्या हातात कोंबडीच्या रश्श्याचं भांडं होतं. कोट धुतला, वास आहे.) "ऑरव्हल, तुला हे काय टणक आलंय? डॉक्टरला दाखवलंस का?" तिने एवढ्या मोठ्याने विचारलं की प्रार्थनेत माझ्या प्रकृतीसाठी खास मागणं मागितलं गेलं. मग पोटाला रुंद पट्टा बांधून त्यात लपवलं. त्यात श्वास घेता येतो किंवा भजन म्हणता येतं, दोन्ही नाही. मग घोट्याला. घोट्याला ते झकास लपलं, पण माझा हात घोट्यापर्यंत शेवटचा कधी पोहोचला होता ते आठवेना. संकट आलंच तर मला आधी खुर्ची मागावी लागणार. आणि मिस प्रुइटच्या एकाही कवितेत शूरवीराने तलवार मोज्यात लपवल्याचं मला आठवत नाही. शेवटी पॅन्टच्या खिशात ठेवलं, तर पेपरमिंटना बाहेर जावं लागलं.

यात एक गोष्ट हळूहळू घडली, ती मला फार उशिरा कळली. मी मिठ्या चुकवू लागलो. कोणी हात पसरले की मी अंग तिरकं करायचो, खांदा पुढे करायचो, नाहीतर दार धरायचं निमित्त करायचो. लोक समजूतदार असतात, ताई. दोनतीन रविवारांत त्यांनी हात पसरणंच सोडलं. इनेझने माझ्याशी हस्तांदोलन केलं. मी घरी येऊन बराच वेळ कोट न काढता बसलो.

पण आता सगळं निभावलं आहे. मला जागा सापडली, जिथे ते कोणालाही लागत नाही. मिठ्या परत सुरू झाल्या, पेपरमिंट परत खिशात आल्या, आणि आज प्रार्थनेनंतर ड्वाइटने सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "ऑरव्हलकाकांकडून शिका. अख्ख्या चर्चने मिठी मारली, कोणाला पत्ता लागला का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, ते विनय समजले.

तुझ्या गुडघ्याला जप.

तुझा धाकटा,
ऑरव्हल

ता. क. ते रिव्हॉल्व्हर घरी कपाटात आहे, कुलूपबंद लोखंडी पेटीत, गोळ्या वेगळ्या. चर्चला शेवटचं कधी आलं ते विचारू नकोस. जागा चांगली सापडली एवढं मी लिहिलं, ते खरंच आहे. (दार उघडं पडलेलं नाही. ड्वाइट दोन पावलांवर उभा असतो, आणि त्याला कोणी मिठी मारत नाही.)

ता. क. दुसरा. बुधवारी समितीची बैठक आहे, आणि लपवायची युक्ती मी बाकीच्यांना करून दाखवावी असं ड्वाइटने ठरवलं आहे. तिथे मी खरं सांगणार आहे. सांगितल्यावर दार जाईल. म्हणून हे पत्र. ड्वाइट या जगात एकाच माणसाचं ऐकतो, आणि ते माणूस तुझ्याबरोबर चौथीत एका बाकावर बसायचं. मंगळवारपर्यंत व्हेल्माला फोन कर. म्हणावं, दोन माणसं शस्त्र घेऊन उभी राहू देत, पण एक तरी रिकाम्या हातांचा असू दे. तिला फक्त कोणीतरी विचारायची खोटी आहे. आपणहून ती मुलाच्या कामात तोंड घालत नाही.

ता. क. तिसरा. व्हेल्माला सगळं पहिल्यापासून समजावत बसू नकोस, फोनचं बिल वाढेल. आज सकाळी तिने दारात मला मिठी मारली, आणि मारता मारता दोन्ही बाजूंनी असं चाचपलं की पोरगा हे कोणाकडून शिकला ते समजलं. कंबर, पोट, खिसे, काही सोडलं नाही, आणि हाताला लागल्या त्या फक्त पेपरमिंटच्या गोळ्या. मी देवाचं नाव घेत उभा. ती एवढंच म्हणाली, "ऑरव्हल, किती रे वाळलास," आणि मग आणखी थोडा वेळ तशीच धरून राहिली.