रोज कणभर कमी

१२ जानेवारी
आमच्या चिऊची गोळी अजून एक वर्ष! डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसत सांगून टाकलं. "बरी दिसतेय ती गोळीमुळेच. आपल्या मनाने काही कमी करायचं नाही." मी मान डोलावली. दोन वर्षं मान डोलावतोय. कंटाळा आला.

१३ जानेवारी
सकाळी आठला पाण्याचा ग्लास, पांढरी गोळी, चिऊचा तळहात. हे काम माझं. पंधराची असताना तिला गच्चीच्या कठड्यावरून आम्ही दोघांनी ओढून घेतलं. तेव्हापासून गोळ्यांचं पाकीट घरात ठेवायचा धीर होत नाही. दुकानातल्या तिजोरीत असतं, सोन्याशेजारी. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची एकच गोळी घरी आणतो.

आता सतराची झाली. हसते, कॉलेजला जाते, आईशी कडाकडा भांडते. मग अजून गोळी कशाला? थोरले दादा तर तोंडावर म्हणाले, "पोरीला जन्मभर यावरच ठेवणार का रे?" घरी येऊन बायकोवर उगाच खेकसलो.

२० जानेवारी
केलं! दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बारीक कानशीने गोळीची कड घासली, काट्यावर ठेवली — दोन मिलिग्रॅम कमी! कोणाला पत्ता लागणार नाही. तीस वर्षं सोनं घासतोय, हात चुकत नाही माझा. रोज कणभर उतरवत न्यायची.

२ फेब्रुवारी
काही फरक नाही. उलट टवटवीत दिसते. बायकोला सांगितलेलं नाही. गोळी पूर्ण सुटली की एकदमच सांगेन.

२१ फेब्रुवारी
गोळी निम्म्यावर आली. न राहवून दादांना फोन केला, "गोळी सुटतेय हो पोरीची!" आज मस्त जेवलो.

६ मार्च
कॉलेजला गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

९ मार्च
डबा तसाच परत. केस विंचरलेले नाहीत. बायको म्हणाली, "परीक्षेचा ताण असेल." मी हो म्हटलं. लाज कशी वाटली नाही मला!

११ मार्च
उठवायला गेलो तर भिंतीकडे तोंड. हाक मारली, हूं नाही की चूं नाही. दोन वर्षांपूर्वी अशीच पडून असायची. बायकोला सगळं सांगून टाकलं. ती सरळ चिऊला उठवून बसवायला गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिघंही दवाखान्यात. त्या दोघी बाहेर बाकावर, मी एकटा आत. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचा काटा बरोबरच असेल हो. पण हे काट्याचं काम नव्हतं." आता गोळी त्या सांगतील तशी वाढवायची, आठवड्याला दाखवायचं. चिऊला एक क्षण एकटं ठेवायचं नाही. पाकीट बायकोने मागून घेतलं. मी दिलं.

१२ मार्च
चिऊपुढे हात जोडले. ती म्हणाली, "बाबा, मला कधीच कळलं होतं. जिभेला कळतं ना."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू किती दमलायस ते दिसत होतं. म्हटलं, माझ्यामुळे एकदा तरी खूश होशील."