आपल्या सगळ्यांच्या लाळेबद्दल

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (कचेरीतल्या टेबलाशी बसून जितका घालता येतो तितका). गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? ही चौकशी मी मनापासून करते आहे, पुढे काही मागायचं आहे म्हणून नव्हे. मागायचंही आहे, पण ते वेगळं.

तर मामा, माझ्याकडून एक चूक झाली आहे. तुम्हाला न विचारता मी तुमचा काही भाग एका नळीत थुंकून दिला आहे.

घाबरू नका, नीट सांगते. माझी नवी नोकरी ज्या संस्थेत आहे तिथे लोकांची लाळ गोळा करून, तिच्यातली जनुकं वाचून, ती गोठवून ठेवतात. माझं काम म्हणजे येणाऱ्याला अकरा पानी संमतीपत्र वाचून दाखवायचं आणि त्याची सही घ्यायची. पहिल्याच दिवशी आमच्या प्रमुख बाईंनी चारचौघांत माझ्या हातात नळी दिली, कारण नव्या मुलीनं स्वतः दिली की लोकांची भीड चेपते म्हणे. मी दिली. (पाच मिनिटं लागली. लोक बघत असले की तोंडाला कोरड पडते.) सहीही ठोकली. दुसऱ्या दिवशी डबा खाता खाता पान सात वाचलं, तर तिथे लिहिलेलं की हा नमुना कायमचा राहील, आणि आज कुणाच्या डोक्यातही नसलेल्या कामासाठी वापरता येईल. उदाहरणार्थ, त्यातलं एखादं जनुक उंदरात घालून पाहणं. घास तसाच राहिला. नळीतलं सगळं माझं कुठे आहे? निम्मं आईचं, निम्मं बाबांचं, आणि हिशेबानं अंदाजे पाव भाग तुमच्याशी सामायिक.

यात थोडा दोष तुमचाही आहे, रागावू नका. नवव्या वर्षापर्यंत मी शाळेत न जाता तुमच्याकडे, तुमच्या जेवणाच्या टेबलावर शिकले, आणि तिथे पाच भावंडांत रंगीत पेन्सिलींची एकच पेटी होती. एक पेन्सिल घ्यायची तर चौघांना विचारायचं, हा तुमचा नियम. धाकटा झोपला होता तेव्हा तो उठेपर्यंत तुम्ही मला हिरव्या पेन्सिलीसमोर बसवून ठेवलंत. अशी वाढलेली मुलगी संमती घेण्याच्या कामावर ठेवली की काय होणार?

एक शिंपी आला. बिचाऱ्यानं पेन उघडलंही होतं. मी फक्त विचारलं की तुमच्या भावाला विचारलंत का, कारण यातलं बरंचसं त्याचंही आहे. दुकानातल्या भिंतीवरून नऊ वर्षं त्यांचं बोलणं नव्हतं. शिंपीदादा पेन मिटून गेले आणि दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन आले. दोघं आमच्या बाकावर बसून तासभर नाक नक्की कुणाच्या बाजूचं यावर भांडले, मग बरोबर चहाला गेले, ते परत आलेच नाहीत. महिन्याला पन्नास सह्या हव्या होत्या. तीन झाल्या, त्यातल्या दोन मी रजेवर असताना.

प्रमुख बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "अगं, तुला सह्या घ्यायला ठेवलंय की लोकांना घरी पाठवायला?" आणि निक्षून सांगितलं की आधी स्वतःच्या नळीचं काय ते ठरव. तीस तारखेपर्यंत ती परत मागता येते, नंतर नाही. मागितली तर माझ्या शब्दावर दुसरा कोण सही करणार, म्हणजे नोकरी गेलीच. ठेवली तर सगळ्यांना विचारल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

म्हणून विचारत सुटले. आई लगेच म्हणाली, घे की, आणखी काही हवंय का. (याला समजून दिलेली संमती म्हणता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवायला बसले. चौथ्या पानावर तिला झोप लागली. तिची संमती मी तिसऱ्या पानापर्यंतच धरली आहे.) मोठ्या मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या उंदराला आपल्या घराण्याचा हट्टीपणा दिलात तर तो पिंजऱ्यात राहायचा नाही, आणि दार उघडलंत तर बाहेरही जायचा नाही." चुलतभावानं विचारलं, उद्या यातून औषध निघालं तर आपल्याला काय? मी पान नऊ पाहिलं. काहीच नाही. प्रश्न खरोखर चांगला होता, म्हणून बाईंकडे नेला. त्या म्हणाल्या, हे समिती ठरवेल. समिती वर्षातून दोनदा बसते, आणि मागची अख्खी बैठक बसायच्या खुर्च्या ठरवण्यात गेली.

सतरा जणांना विचारून झालं. उरलात फक्त तुम्ही. तीस तारखेच्या आत हो की नाही ते कळवा.

तुमची (बहुतेक वेळा) आज्ञाधारक भाची

ता. क. आत्ताच कळलं की आज समितीची बैठक होती, तिथे शिंप्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि त्यांना पटली. 'घरच्यांशी बोललात का?' हे बारावं पान आता मीच लिहायचं आहे. म्हणजे नोकरीचं मिटलं. वरचं रडगाणं सकाळचं आहे. पण पत्र फाडवलं नाही, कारण सकाळी ते खरं होतं.

आणखी ता. क. मामा, खरं सांगते. कागदावर नातेवाइकांच्या सहीला जागाच नाही. तुमची परवानगी कुणीही मागितलेली नाही. पान दहावर लिहिलंय की नमुन्यात एखादा आजार दिसला तर ते कळवतील. आजोबा शेवटी सगळं विसरत गेले, मला परकी समजून बाई म्हणून हाक मारायचे आणि आईला ओळखायचेच नाहीत. तसलं काही माझ्यात निघालं तर आई ते माझ्या तोंडावरून वाचेल. नळी परत मागायची तर अर्जात कारण लिहावं लागतं, आणि 'घाबरले' असं लिहायची लाज वाटते. 'मामा नको म्हणतात' असं लिहिता येईल. तेवढं एक 'नाही' पाठवा.

शेवटचा ता. क. पण मी सांगितलं म्हणून 'नाही' म्हणू नका. तसं चालणार नाही. ते पूर्ण समजून, राजीखुशीनं आणि कुणाच्याही दडपणाशिवाय दिलेलं असावं लागतं. अकरा पानं सोबत जोडली आहेत.