बर्फाच्या कारखान्यातला मेन स्विच

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच केला आहे, पण मनाने पार वाकलोय.) तुझे गुडघे दुखायचे थांबले का? आणि दाजी जेवणानंतर आडवे झाले की चहाच्या वेळेला तरी उठतात का? आमच्याकडे सगळं ठीक. नऊ दिवस झाले, बारकी माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडलं तर.

तुझा फ्रिज किणकिणतोय हे फोनवर ऐकलं. येतो म्हणालो आणि आलो नाही. तीस वर्षं गावाचे फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्या सख्ख्या बहिणीने रोज किणकिण ऐकत जेवायचं म्हणजे शोभत नाही, कबूल. पण माझं चित्त ठिकाणावर नाही, आणि ते का नाही हे तुला सांगितल्याशिवाय माझ्याच्याने पाना धरवणार नाही.

तुझी ही भाची, बारकी, इलेक्ट्रॉनिक संगीत करते हे तुला माहीतच आहे. प्रयोगशील. म्हणजे त्यात गाणारं कोणी नाही, ठेका नाही, नुसता एक लॅपटॉप आणि वायरींचा गुंता. (हा गुंता मी एकदा प्रेमाने सोडवून ठेवला होता. तेव्हाही दोन दिवस अबोला होता.) तिचं म्हणणं, यापुढे लोक संगीत ऐकायला सभागृहात जाणारच नाहीत, गोदामात जातील, जिन्यात बसतील, पाण्याच्या रिकाम्या टाकीत उतरतील, कारण जागासुद्धा वाजते. मी म्हटलं, टाकीत माणसं उतरली तर पाणी कुठे भरायचं? ती हसली. तेव्हा हसत होती गं.

तर तिचा कार्यक्रम बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात होता, दुपारी चार वाजता. दारात एकाने छापील कागद हातात दिला. चष्मा दुसऱ्या शर्टात राहिलेला, म्हणून कागद घडी करून खिशात टाकला. (ताई, सगळं रामायण या एका घडीमुळे झालं.) आत चाळीसेक माणसं चटयांवर उताणी, डोळे मिटून. मीही पडलो. तुझी भावजय पडल्या पडल्या घोरायला लागली आणि शेजारच्या बाईला तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

सुरुवातीला बारीक गुणगुण होती. बरं वाटलं. मग घरघर सुरू झाली आणि माझे कान टवकारले. मी मनात म्हटलं, हा कॉम्प्रेसर आहे. बेअरिंग गेलंय, पाया सैल झालाय, आणि आता पेट घेणार. मला वाटलं, कारखान्याचं जुनं धूड कोणीतरी चुकून चालू केलंय आणि वर ही चाळीस माणसं डोळे मिटून निजलीत! ओरडलो असतो तर चेंगराचेंगरी झाली असती. म्हणून अनवाणी, भिंतीला धरून, चोरासारखा गेलो आणि मेन स्विच खाली ओढला.

सगळं गप्प. बारकीला वाटलं फ्यूज गेला. ती टॉर्च घेऊन आली, तर खटक्यावर हात ठेवून उभा कोण, तर तिचा जन्मदाता! मी हळूच म्हटलं, "घाबरू नकोस, वाचवलं सगळ्यांना." माणसं मात्र तशीच पडून राहिली, चांगली दहा मिनिटं, आणि मग टाळ्यांचा पाऊस. एक दाढीवाले समीक्षक डोळे पुसत म्हणाले की संगीताचं भविष्य त्यांना त्या शांततेत ऐकू आलं. आता टाळ्या पडल्यावर पुन्हा कुठून सुरू करणार? पोरीने निमूटपणे वायरी गोळा केल्या.

मी चार दिवस ताठ्यात होतो. पाचव्या दिवशी शर्ट धुवायला टाकताना तो कागद निघाला. चष्मा लावून वाचला. कार्यक्रमाचं नाव 'बाबांचं दुकान'. दोन वर्षं ती दुकानात मागच्या स्टुलावर बसायची. मला वाटायचं, बापाला सोबत करतेय. ती आवाज टिपत होती. दुरुस्तीला आलेला प्रत्येक फ्रिज, आधी आजारी आणि मग बरा झालेला. शेवटची ओळ अशी होती: 'अखेरीस बाबांचा आवाज: झालं. आता ऐका.' (फ्रिज बरा झाला की गिऱ्हाइकाला मी हेच म्हणतो.)

तो आवाज यायला सहा मिनिटं बाकी होती, ताई. मी माझीच वीज तोडली. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतंय. माफी मागायला दोनदा तिच्या खोलीपर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा पंख्याचा आवाज बरा येतोय ना, एवढंच विचारून परत आलो. आत्ताही ती आईला सांगतेय, "त्यांना म्हणावं, चहा निवतोय."

दाजींना नमस्कार. ते जागे असतील तर.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या फ्रिजला मेकॅनिक बोलावू नकोस. मलाही नको. आधी बारकीला फोन कर. म्हणावं, आत्याचा फ्रिज शेवटच्या घटका मोजतोय, असा आवाज जन्मात ऐकला नाहीस, टिपून ने. आता आजारी आवाज टिपला की बरा झालेलाही लागणारच तिला. ती कामात चोख आहे, अर्धं सोडणार नाही. मग कोणालातरी बोलवावं लागेल. मी घरीच आहे. हत्यारांची पेटी भरून दाराशी ठेवली आहे.

आणखी एक. हे मी सुचवलं असं सांगू नकोस.

शेवटचं. तू फोन फ्रिजपाशी धरलास तेव्हाच मला कळलं होतं, त्याला काहीएक झालेलं नाही. वर ठेवलेली काचेची बरणी भिंतीला लागतेय. आम्ही दोघं येऊन जाईपर्यंत ती तसूभरही हलवू नकोस.