भोसरीचं पॅनेल

डमडम, कोलकाता
३० जुलै २०२५

चि. शरद यास,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. पावसाने गुडघा कुरकुरतो, तेवढंच. विनीताची शुगर आटोक्यात असेल अशी आशा. नारळी पौर्णिमा जवळ आली, तेव्हा ताईचं नेहमीचं पाकीट समजून हे उघडलं असशील. राखी शोधू नकोस. आत काय आहे ते शेवटी सांगते, आधी पत्र वाच. फोन केला नाही, कारण फोनवर तू ‘हो ताई, बघतो ताई’ म्हणत दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असतोस.

तुझ्या कारखान्याचं एक पॅनेल माझ्या घराजवळच्या इमारतीत बसलं आहे. जिन्याखाली. रविवारी पाहून आले. अख्ख्या इमारतीची वीज ज्यातून फिरते ते पुरुषभर उंचीचं लोखंडी कपाट. रंग छान, आपल्या अण्णांच्या नावाची पितळी पाटी त्याहून छान. तिथले लोक त्याच्यावर फार खूश आहेत हो. या पावसात कोलकात्यात काही म्हणून वाळत नाही, पण तुझ्या पॅनेलच्या डोक्यावर ठेवलेलं सगळं वाळतं. शाळेचे बूट, मोजे, छत्र्या, एका बाळाची दुपटी. सोसायटीचे सेक्रेटरी मला कौतुकाने म्हणाले, "दीदी, ये तो बड़े काम की चीज़ है."

मी वर हात नेला आणि झटक्यात मागे घेतला. पोळी भाजली असती.

तीस वर्षं मी सरकारी प्रयोगशाळेत असलीच कपाटं तापवून पाहण्यात घालवली, तेव्हा मला हवामान शिकवू नकोस. तुझ्या ऑफिसने सोसायटीला पाठवलेलं उत्तर वाचलं. ‘कोलकात्याची हवा दमट असल्याने किंचित उष्णता जाणवू शकते.’ नाचता येईना अंगण वाकडं. त्या कपाटात वरून जाड केबली येतात, प्रत्येकीला आपापलं वेगळं भोक. तिथला पत्रा ॲल्युमिनियमचा लागतो. लोखंडी लावला तर केबलींतल्या प्रवाहाने तो पत्रा स्वतःच तापतो. तुला मिसरूड फुटायच्या आधी अण्णांनी हे सांगितलं होतं, माझ्यासमोर. पण लोखंडी पत्रा कपाटाबरोबरच कापून निघतो, ॲल्युमिनियमचा वेगळा मागवावा लागतो, एवढंच ना? याला आळस म्हणतात. तू त्याला प्रॉडक्शन म्हणतोस.

आणि उपाय काय सुचवलात, तर ‘दरवाजा उघडा ठेवून समोर पंखा लावावा’. वा रे इंजिनियर. आत वीज वाहणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या उघड्या, त्यांच्यावर साधं आवरण नाही, दार सताड, समोर भरभरणारा पंखा, आणि पोरं चेंडू आणायला त्याच जिन्याखाली शिरतात. भोसरीत एसी केबिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातंय. अण्णा माल पाठवायच्या आधी पॅनेल दिवसभर चालवायचे आणि मग वरच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभे राहायचे. तू कशाला शेवटचा हात लावलास ते आठवतंय का?

आता त्या इमारतीत तुझंच पॅनेल कसं आलं ते ऐक. तळमजल्यावर एक मुलगी राहते. तिने मीटिंगमध्ये भांडून तुझं नाव लावून धरलं. म्हणाली, पुण्याहून यायला वेळ लागेल, पण घ्यायचं तर यांचंच. आज सगळी इमारत तिला बोलते आहे.

नूपुर. तुझी मुलगी.

तिच्या लग्नाला ‘डिस्पॅच आहे’ असा निरोप पाठवून तू आला नाहीस, आणि त्यानंतर दोन वर्षं तुला सवड झाली नाही. अजेय चांगला मुलगा आहे, तुला बघायचं नव्हतं म्हणून दिसला नाही. तिने मला शपथ घातली होती, बाबांनी स्वतःहून विचारलं तरच सांग म्हणून. तू विचारलं नाहीस. आज मी शपथ मोडते आहे. ती दुपटी तिच्या मुलीची. पाच महिन्यांची आहे. तू आजोबा झालास. अभिनंदन माझ्याच्याने लिहवत नाही.

मी गेले तेव्हा नूपुर स्टुलावर उभी होती. एका हाताने पोर कडेवर धरलेली, दुसरा हात त्या उघड्या दारावरून वर, दुपटी पसरत. तिला खाली उतरवलं आणि नाही नाही ते बोलले. अक्कल कुठे गहाण टाकलीस, असं विचारलं. ती म्हणाली, "आत्या, दुसऱ्या कुणाचं असतं तर मी जवळसुद्धा गेले नसते. पण हे बाबांचं आहे ना."

शरद, इतकी वर्षं मला तुझा राग यायचा. हे ऐकल्यावर तुझी लाज वाटली.

पॅनेल मी समोर उभी राहून बंद करवलं. पाणी आणि लिफ्ट भाड्याच्या जनरेटरवर चालली आहेत. नूपुर आणि बाळ माझ्याकडे आहेत. तू ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पट्ट्यांवरची आवरणं घेऊन ये. माणूस पाठवू नकोस, तू ये. पत्रा बसव, दार लाव, सगळ्या इमारतीचा भार टाकून दिवसभर चालव, आणि मग वर तळहात ठेवून उभा राहा. मी तिथेच बसलेली असेन. तुला ओवाळायचं की नाही ते त्यानंतर ठरवीन.

पाकिटात एक दुपटं आहे. धुतलेलं आहे. मधला तपकिरी पट्टा करपल्याचा, तो निघत नाही.

बाळाचं नाव मी लिहिणार नाही. नूपुरला विचार. तिने नंबर बदललेला नाही.

तुझी ताई,
निर्मला