वडगावचं माणूस उठंना

१५ ऑक्टोबर २००७, सोमवार

आणि खोली अजून रिकामी न्हाईच! नवरात्रातली चौथी माळ झाली, आणि माझ्या मागच्या खोलीत ह्या भाडेकरू सयाजीची तीन कॉम्प्युटरची मशीनं अजून घुंऽ करत बसल्यात. गणपतीत म्हणाला, "काकू, महालयात सोडतो." महालय गेलं. त्याच्या त्या एसीचं पाणी माझ्या भांडी घासायच्या दगडावर टपकतंय, शेवाळ धरलंय. अठ्ठावीसला हातकणंगल्याचं पावणं आमच्या वर्षाराणीला बघायला येणार. त्यांना बसवू कुठं — खानावळीच्या बाकड्यावर?

आज तोंडावर म्हणलं, बटण दाब आणि उचल. म्हणतोय, "एकदम बंद करता येत न्हाई काकू, आत माणसं बसल्यात." मी डोकावून बघितलं. चिटपाखरू न्हाई.

१६ ऑक्टोबर

सयाजी जेवायला बसला तवा परत धरला. तवा त्यानं सगळं सांगितलं. गावोगावच्या पतसंस्थांचं काम ह्या मशीनवर चालतं. क्लार्क आपल्या गावात बसून फोनच्या तारेतनं आत येतो. तिन्ही मशीनं एकच काम करतात, जे मोकळं असेल ते आलेल्याला घेतं. आता त्याच्या कंपनीनं पुण्यात जागा घेतली, मशीनं तिकडं न्यायची. पण मधेच बंद केलं तर आत बसलेल्याचं अर्धं काम जातं.

"मग मी किती वाट बघायची?"

"काकू, खिडकीकडचं बाकडं धुवायचं असलं की तुम्ही काय करता? जेवणाऱ्याला उठवता?"

"तोंड फोडीन. पानावरच्या माणसाला कोण उठवतंय व्हय?"

"नव्या माणसाला दुसऱ्या बाकड्यावर बसवता. पहिला हात धुवून गेला की मग धुता. तसंच हाय हे."

मग पहिल्यांदाच असं सांगायचं की. वर म्हणतोय, एखादा आत येऊन नुसताच बसला, अर्धा तास कशाला हात लावला न्हाई, तर मशीनच त्याला बाहेर काढतं. असलं काहीतरी माझ्या खानावळीत पायजे. जेवण झालं तरी गप्पा हाणत बसत्यात.

वर्षा आमटी वाढत हुती, ती हसली. पेठ वडगावच्या पतसंस्थेत ती ह्याच्यावरच काम करती. तिला सगळं ठाऊक. मला कधी सांगितलं न्हाई.

१७ ऑक्टोबर

पहिलं मशीन गेलं. कुणाला कळलंसुद्धा न्हाई. सयाजीचा गाववाला जोतीराम व्हॅन घेऊन आला, गोधडीत गुंडाळून नेलं, बाळंतिणीला नेल्यासारखं.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

दुसरं पण गेलं. पुण्यात जोडून चालू झालं म्हणे. जेवताना सयाजी म्हणाला, "उद्या दुपारी शेवटच्याचं दार बंद करतो, म्हंजे नवं कुणी आत येणार न्हाई. सकाळी आत आलेली उठली की मशीन आणि मी, दोघं पुण्याला. तुम्ही सुटला काकू."

वर्षानं त्याला भात ढीगभर वाढला. त्याला नको म्हणायचं सुचंना.

आमचं मालक म्हणतात, राहू दे की खोली, पोरगं चांगलं हाय. मालकांना सगळीच चांगली.

२० ऑक्टोबर, खंडेनवमी

विळी, खलबत्ता, मिक्सर, शेगड्या — सगळं धुवून पुजलं. त्या मशीनला पण हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. आज हत्याराला विसावा. ते मात्र चालूच.

दुपारी त्यानं दार बंद केलं. एकेक उठत गेलं. शनिवार, पतसंस्था अर्धा दिवस. एकच माणूस राहिला आत. तीन वाजले. चार वाजले. जोतीराम व्हॅनमधनं वरडतोय, "आरं सयाजी, पुणं काय पंचगंगेच्या पल्याड हाय व्हय?"

मी म्हणलं, "ओढ की वायर. एकासाठी काय थांबलायस?"

"बसलेल्याला उठवायचं न्हाई काकू."

"अर्ध्या तासानं मशीनच काढतंय म्हणालावतास."

"अर्धा तास व्हायच्या आत हात लावतंय ते माणूस. दर वेळी."

"कोण हाय तसलं?"

"पेठ वडगावचं." माझ्याकडं बघितलं न्हाई. मशीनवरचं फूल सरळ करत बसला.

जोतीराम शिव्या घालून रिकामी गाडी घेऊन गेला. मग दिवेलागणीला वर्षा आली. म्हणाली, काम हुतं. अर्ध्या दिवसाच्या कचेरीत?

मी भाकरी थापायची थांबले.

२१ ऑक्टोबर, दसरा

सयाजी सोनं द्यायला आला. मालकांच्या पाया पडला, माझ्या पडला. वर्षाला आपट्याचं पान देताना पान खाली पडलं, उचलायला दोघं वाकली, आणि उठायला दोघांनाबी येळ लागला.

तो गेल्यावर विचारलं, "काल एवढं काय काम हुतं?"

"काम न्हवतं."

"मग उठायचं की."

"उठले असते तर मशीन गेलं असतं, आई."

मी बासुंदी ढवळत बसले. गणपतीपास्नं मी खोली सोड, खोली सोड करती, ते पोरगी रोज ऐकती, आणि रोज त्याच्यापुढं ताट ठेवती. मला दगडावरचं शेवाळ तेवढं दिसलं.

२२ ऑक्टोबर, सोमवार

हातकणंगल्याला फोन करून सांगितलं, अठ्ठावीसला येऊ नका. मग सयाजीला मागच्या खोलीत गाठलं. फूल अजून मशीनवरच, सुकलेलं. म्हणलं, पोरगी तुझ्यासाठी दिवसभर उठली न्हाई, आता तू उठायचं का बसायचं ते सांग. बसायचं असंल तर आईबापाला घेऊन यायचं. न्हाईतर मशीन उचलायचं आणि परत माझ्या बाकड्यावर जेवायला यायचं न्हाई. व्हय का न्हाई, गुरुवारपातूर सांगायचं.